कान किती वाजतात ते नको, जगणं किती अडतं ते मोजू: टिनिटसच्या प्रश्नावल्या भरण्याची रीत

इचलकरंजीत यंत्रमागावर तीस-बत्तीस वर्षं काढलेले एक काका समोर बसले होते. श्रवणचाचणीचा आलेख अशा माणसांचा असतो तसाच, दोन्ही कानांत ४००० हर्ट्झपाशी खोल खड्डा, म्हणजे तीक्ष्ण सुरांचं ऐकणं बरंच कमी झालेलं. आवाज कसा येतो विचारलं तर म्हणाले, "रातकिडा बसलाय बघा आत. हाकलला तरी जात न्हाई." त्रास किती होतो? "त्रास कसला, सवय झालीया की."

मी प्रश्नावली पुढे केली. 'आवाजामुळे रात्री झोप लागायला त्रास होतो का' या ओळीवर काकांनी 'नाही'वर पेन टेकवलं. शेजारी बसलेल्या सुनेला राहवलं नाही. "मामा, मग रात्री दोन-दोन वाजेस्तोवर रेडिओ कुणाचा चालू असतोय?" पेन थांबलं. 'कधीकधी'कडे सरकलं, आणि शेवटी 'हो'वर गेलं.

ही गोष्ट कुठल्याही यंत्रात दिसली नसती. बाहेर काही वाजत नसताना कानात येणारा हा आवाज म्हणजे टिनिटस. तो बाहेरच्या सुराशी जुळवून त्याची पातळी काढता येते. पण बहुतेकांचा आवाज त्या सुरावरच्या त्यांच्या ऐकण्याच्या उंबरठ्याच्या, म्हणजे जेमतेम ऐकू येतं त्या पातळीच्या, वर दहाएक डेसिबलच्या आतच जुळतो. म्हणजे त्यांच्या कानाला कुजबुजीएवढाही नाही! तेवढ्याच आवाजानं एकाची झोप उडते, दुसऱ्याला आठवणसुद्धा राहत नाही. जुळवलेली पातळी आणि माणसाचा त्रास यांचं नातं फार सैल आहे, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्रास मोजायचा तर माणसालाच विचारावं लागतं, आणि ते नेमकं व दर वेळी सारखं विचारता यावं म्हणून या प्रश्नावल्या आहेत.

कान वाजणारे, घरच्या कुणाचे कान वाजतात ते, आणि नव्यानं या कामात आलेले ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ), तिघांनाही उपयोगी पडेल अशी रीत पुढे लिहिली आहे.

कागदाआधी डॉक्टर कधी

हे थोडक्यात, पण चुकवू नका. एका कानानं अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं कमी झालं आणि सोबत आवाज सुरू झाला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अशा वेळी स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर तितके बरे, आणि पहिले दोन आठवडे निघून गेले की फायद्याची शक्यता उतरत जाते. आवाज फक्त एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप वाजत असेल, सोबत चक्कर येत असेल, चेहरा वाकडा होत असेल, कान वाहत असेल, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झाला असेल, तरी आधी तपासणी. नवं औषध सुरू केल्यावर आवाज आला असेल तर औषधाचं नाव डॉक्टरांना सांगा. ॲस्पिरिनचे मोठे डोस, क्षयरोगावर पूर्वी सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिन किंवा कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं कानावर परिणाम करू शकतात. मात्र औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका.

प्रश्नावली आजार ओळखत नाही, त्रास किती आहे एवढंच सांगते. कानात नुसता मळ साठलेल्या माणसाचेही ६० गुण येऊ शकतात.

पहिली पायरी: प्रश्नावली निवडा, आणि एकच निवडा

टिनिटसच्या प्रश्नावल्या पुष्कळ आहेत. हॅलम आणि सहकाऱ्यांची १९८८ ची ५२ प्रश्नांची, कुक आणि सहकाऱ्यांची १९९० ची २७ प्रश्नांची, विल्सन आणि सहकाऱ्यांची १९९१ ची २६ प्रश्नांची. रोजच्या कामात मात्र दोनच सतत हाताशी लागतात, म्हणून त्यांच्यावरच थांबतो.

टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी, म्हणजे टीएचआय. न्यूमन, जेकबसन आणि स्पिट्झर यांनी ती १९९६ मध्ये मांडली. प्रश्न २५, उत्तरं तीनच: 'हो', 'कधीकधी', 'नाही'. गुण अनुक्रमे ४, २, ०, आणि कमाल बेरीज १००. प्रश्न तीन गटांतले आहेत. कामकाजाचे, उदाहरणार्थ लक्ष लागणं, वाचणं, झोप, घरातली किंवा नोकरीतली कामं. भावनांचे, म्हणजे चिडचिड, राग, उदासी. आणि तिसरा गट पाचच प्रश्नांचा, पण सगळ्यात जड: यातून सुटकाच नाही असं वाटतं का, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटतं का, ताबा सुटलाय असं वाटतं का.

टिनिटस फंक्शनल इंडेक्स, म्हणजे टीएफआय. मेरी मीकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. हिच्यातही २५ प्रश्न, पण उत्तर ० ते १० च्या पट्टीवर, आणि प्रत्येक प्रश्न 'गेल्या आठवड्यात' असा बांधलेला. गट आठ: आवाजाची घुसखोरी, आपला ताबा, विचार व एकाग्रता, झोप, ऐकणं, निवांतपणा, जगण्याची गोडी आणि भावना. उपचारांनी पडलेला फरक पकडता यावा याच हेतूनं ती बांधली आहे. हिचे हक्क ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीकडे आहेत, त्यामुळे दवाखान्यात किंवा संशोधनात वापरायची तर परवानगीची चौकशी आधी करावी.

कुठली घ्यावी? माझं मत असं. वयस्कर माणूस, पट्टीवर आकडा निवडायची सवय नाही, कुणीतरी वाचून दाखवणार आहे, तर टीएचआय. 'हो, कधीकधी, नाही' हे आपल्या बोलण्यातलंच आहे. उपचार सुरू होणार आहेत आणि तीन-सहा महिन्यांनी फरक बघायचा आहे, माणूस सातवी-आठवी शिकलेला आहे, तर टीएफआय. दोन्ही भरायचा हट्ट नको. पन्नास प्रश्न झाले की माणूस वैतागून एकाच रकान्यात सरळ टिका मारत सुटतो, आणि तसले कागद मी भरपूर पाहिले आहेत.

दुसरी पायरी: भाषेचा कागद पक्का करा

या प्रश्नावल्या मूळ इंग्रजीत जन्मल्या. एखादी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नीट आणायची तर दोन स्वतंत्र भाषांतरं करतात, ती एकत्र करतात, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर करवून घेतात, जाणकारांची समिती बसते, मग थोड्या रुग्णांवर कागद वापरून बघतात. एवढं सगळं झालेली मराठी प्रत तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे असेल तर तीच घ्या.

नसेल तर दवाखान्यात काय होतं? कुणीतरी बसल्या बसल्या तोंडी भाषांतर करतं, आणि घोटाळे तिथेच सुरू होतात. त्रासाच्या छटेसाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे: कटकट, वैताग, चीड, त्रागा, जीव नकोसा होणं. एकानं विचारलं, "कटकट वाटते का?" दहातले नऊ जण हो म्हणतील. दुसऱ्यानं विचारलं, "वैताग येतो का?" सहा म्हणतील. पुढच्या भेटीत तिसऱ्यानं "जीव नकोसा होतो का?" म्हटलं की सगळे दचकून नाही म्हणतील. रुग्ण तोच, कान तोच, गुण तेवढे घसरले. कागदावर सुधारणा, प्रत्यक्षात काही नाही.

'सामाजिक कार्यक्रम' हाही असाच एक अडकणारा शब्द. आजींना विचारलं तर म्हणतात, "मी कुठं समाजकार्य करतेय?" लग्नकार्य, बारसं, भजनी मंडळ, भिशी, देवळातलं कीर्तन अशी दोन-तीन उदाहरणं कागदावरच छापून ठेवावीत, म्हणजे प्रत्येकाला सारखीच मिळतात. 'डिप्रेशन'चंही तेच. तो शब्द आता इतका हलका झालाय की सामना हरला तरी लोक डिप्रेशनमध्ये जातात. 'उदास, खचल्यासारखं' असं साधं लिहिलेलं चालतं.

थोडक्यात, एकदा ठरलेला मराठी मजकूर प्रत्येक वेळी अक्षरशः तोच हवा. कागदाच्या कोपऱ्यात 'प्रत १' असं लिहून ठेवा. आणि भाषांतर घरगुती असेल तर पुढे दिलेल्या तीव्रतेच्या पायऱ्यांना फार चिकटू नका. स्वतःची स्वतःशी तुलना करायला तो कागद पुरतो, दुसऱ्याशी करायला नाही.

तिसरी पायरी: दिवस निवडा

टीएफआय गेल्या आठवड्याबद्दल विचारते. मग तो आठवडा कुठला होता हे बघायला नको का? अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी भरलेला कागद मला नेहमी संशयाचा वाटतो. मिरवणुकीतल्या भिंतीसारख्या स्पीकरपुढे दोन तास उभं राहिल्यावर चांगल्या कानांतही शिट्टी वाजते. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बचं तेच. सर्दीनं कान गच्च झालेला आठवडा, घरात आजारपण किंवा मयत झालेला आठवडा, मुलाच्या बारावीच्या निकालाचा आठवडा, हे सगळे टाळलेले बरे. टाळता आले नाहीत तर कागदावर तसं लिहा: 'या आठवड्यात मोठी सर्दी होती.'

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोक दवाखान्यात येतात तेव्हा त्रास बहुधा टोकाला गेलेला असतो. तो टोकावरून आपोआप थोडा खाली येतोच, काही केलं नाही तरी. त्या उतरणीचं श्रेय मग कानात घातलेल्या तेलाला, बाटलीतल्या थेंबांना, नाहीतर आम्हाला मिळतं. यावर सोपा उपाय म्हणजे उपचार सुरू करण्याआधी दोन कागद भरायचे, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं. दोन बेरजांमधला फरकच तुम्हाला सांगतो की काही न करता तुमचा आकडा किती हलतो.

चौथी पायरी: भरताना

शांत खोली, चष्मा, पेन, पंधरा मिनिटं. शांत खोलीत आवाज जास्त जाणवतो हे खरं, म्हणून पंखा चालू ठेवायचा की बंद हे एकदा ठरवून दर वेळी तसंच ठेवा.

प्रत्येक प्रश्नात 'आवाजामुळे' हा शब्द दडलेला आहे, तो मनात धरूनच उत्तर द्या. थकवा येतो का? येतो. पण तो मधुमेहाचा, रात्रपाळीचा, की कानातल्या आवाजाचा? नेमकं सांगता येत नसेल तर स्वतःला विचारा: उद्या सकाळी आवाज बंद झाला तर हा थकवा जाईल का? 'बराचसा जाईल' असं वाटलं तर हो. 'थोडाफार' वाटलं तर कधीकधी.

ऐकण्याच्या प्रश्नांवर हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. समोरच्याचं बोलणं कळत नाही ते मुळात ऐकू कमी येतं म्हणून, पण रुग्णाला वाटतं की रातकिडा मध्ये येतो. दोन्ही एकाच कानात राहतात, त्यामुळे वेगळं काढणं त्याच्या हातात नसतं. म्हणून टीएफआयचा 'ऐकणं' हा गट चढा आला की आधी श्रवणचाचणीचा आलेख समोर ठेवावा. बऱ्याचदा तो गट टिनिटसपेक्षा बहिरेपणाचीच गोष्ट सांगत असतो.

टीएफआय भरताना पट्टीची दोन्ही टोकं वाचल्याशिवाय आकडा निवडू नका. 'किती ताबा वाटला', 'सांभाळून घेणं किती सोपं गेलं' अशा प्रश्नांत लोकांना वाटतं की दहा म्हणजे उत्तम, आपल्या शाळेच्या मार्कांसारखं. तिथेही दहा हे वाईट टोकच आहे. दहात दहा मिळाले म्हणून हसत कागद परत देणारे एक निवृत्त मास्तर मला अजून आठवतात.

आता सूनबाईंचा मुद्दा. घरच्यांनी मधे बोलावं का? माझं उत्तर: भरताना नाही, भरून झाल्यावर हो. प्रश्नावली माणसाच्या स्वतःच्या अनुभवाची आहे. घरच्यांना बाहेरून दिसतं ते वेगळं, आणि तेही मोलाचं, पण ते वेगळ्या शाईनं समासात लिहा. काकांच्या बाबतीत पेन सुनेच्या बोलण्यावर सरकलं, म्हणून मी तो कागद बाजूला ठेवला आणि आठ दिवसांनी काकांना एकट्याला बसवून दुसरा भरून घेतला. झोपेच्या ओळीवर त्यांनी आपणहून 'हो' केलं. म्हणजे मधल्या दिवसांत त्यांनी स्वतःकडे पाहिलं होतं.

लिहिता-वाचता न येणाऱ्यांना कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. वाचणाऱ्यानं समोर बसावं, तोंड उजेडात असावं, आवाज सपाट ठेवावा. "होत असेल ना हो त्रास?" असं वाचलं की 'हो' हे ठरलेलंच. प्रश्न समजला नाही तर तोच पुन्हा वाचा, आपल्या शब्दांत समजावायला जाऊ नका.

पाचवी पायरी: बेरीज

टीएचआयची बेरीज चहा निवायच्या आत होते. समजा २५ पैकी ६ 'हो', ९ 'कधीकधी', १० 'नाही'. सहा चोक चोवीस, नऊ दुणे अठरा, एकूण ४२. बेरीज नेहमी समच येते. विषम आली तर कुठेतरी चुकलं आहे.

तीव्रतेच्या पायऱ्या २००१ मध्ये मॅककोम्ब आणि सहकाऱ्यांनी सुचवल्या, त्या अजून चालतात: ० ते १६ किरकोळ, १८ ते ३६ सौम्य, ३८ ते ५६ मध्यम, ५८ ते ७६ तीव्र, ७८ ते १०० अतितीव्र. मध्यम म्हणजे आजूबाजूला आवाज असतानाही कानातला जाणवतो, पण रोजची कामं होतात. तीव्र म्हणजे तो जवळपास सतत ऐकू येतो, झोप बिघडते, कामांत अडथळा येतो. ३६ आणि ३८ च्या मध्ये कुठली भिंत नाही. 'सौम्य' लिहिलं म्हणून घरच्यांनी "बघ, काही नाही झालेलं" म्हणावं असंही नाही.

टीएफआयला थोडं गणित लागतं. दोन प्रश्नांची उत्तरं टक्क्यांत असतात, जागेपणी किती टक्के वेळ आवाजाकडे लक्ष होतं आणि किती टक्के वेळ तो छळत होता. ती दहानं भागून घ्या: ७० टक्के म्हणजे ७. मग सगळ्या उत्तरांची बेरीज करा, जितके प्रश्न सोडवले तितक्यानं भागा आणि दहानं गुणा. २५ उत्तरांची बेरीज ११८ आली तर ११८ भागिले २५ म्हणजे ४.७२, आणि गुण ४७.२. दोन प्रश्न सुटले आणि २३ उत्तरांची बेरीज ११० असेल तर ११० भागिले २३, साधारण ४.७८, म्हणजे ४७.८. निदान १९ प्रश्न सोडवलेले हवेत, नाहीतर एकूण गुण धरू नयेत. ढोबळमानानं २५ च्या आत सौम्य, २५ ते ५० मदतीचा विचार करण्याजोगा, ५० च्या वर तीव्र.

गटांचे गुण याच पद्धतीनं निघतात. झोपेचे तीन प्रश्न, उत्तरं ८, ९, ७. सरासरी ८, गुण ८०. एका गटात एकापेक्षा जास्त प्रश्न सुटले असतील तर त्या गटाचे गुण काढू नका.

सहावी पायरी: बेरीज उसवून बघा

खरं काम इथे सुरू होतं, आणि बहुतेक दवाखान्यांत नेमकं इथेच थांबतं. फाइलवर 'टीएचआय ४२' असा शिक्का पडतो आणि कागद तळाशी जातो. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं हेच केलं आहे.

दोन माणसं घ्या, दोघांचे ४२. पहिली बँकेत नोकरी करणारी बाई. तिचे जवळजवळ सगळे गुण लक्ष न लागणं, वाचताना अडखळणं, बैठकीत बोलणं न कळणं, झोप, थकवा यांत. तिसऱ्या, जड गटात शून्य. दुसरा कॉलेजचा मुलगा. हेडफोन लावून रात्रभर गेम खेळायचा, तीन महिन्यांपासून शिट्टी वाजते. त्याचं वाचन चालू, क्रिकेट चालू, पण सुटका नाही, भयंकर काहीतरी झालंय, ताबा गेला, आता सहन होत नाही, या प्रश्नांना ठळक 'हो'. पहिलीला श्रवणयंत्राची चाचणी, कामाच्या जागेची मांडणी, झोपेची शिस्त यांनी फरक पडेल. दुसऱ्याला आधी नीट समजावून सांगणारं माणूस हवं, आणि मग कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे, बोलण्यातून होणारे उपचार. टिनिटसचा त्रास कमी करण्यात सगळ्यात भक्कम पुरावा तिच्याच बाजूनं आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही ती सुचवली आहे, आणि त्याच सूचनांत गिंको, जस्त वगैरे पूरक गोळ्या देऊ नका असंही म्हटलं आहे. बेरीज बघून दोघांना सारखीच गोळी लिहून देण्यात काही अर्थ नाही. आवाज बंद करणारं मान्यताप्राप्त औषध मुळात नाहीच.

घरी एवढं करा. ज्या ओळींवर 'हो' आहे त्यांच्याभोवती गोल काढा. त्यातल्या तीन निवडा, ज्या सुटल्या तर तुमचं जगणं सगळ्यात जास्त सोपं होईल. प्रत्येकीपुढे तुमच्या रोजच्यातलं एक वाक्य लिहा. 'लक्ष लागत नाही' यापुढे 'हिशेबाची वही दोनदा तपासावी लागते'. 'झोप नाही' यापुढे 'दोनला डोळा लागतो, साडेपाचला दूधवाला'. डॉक्टरांना तुमचे ४२ गुण लक्षात राहणार नाहीत, पण दूधवाला नक्की राहील.

सातवी पायरी: पुन्हा कधी, आणि फरक किती म्हणजे फरक

रोज भरू नका. आठवड्याला तर मुळीच नको. आवाजाकडे लक्ष देत राहिलं की तो आणखी पुढे येतो, आणि कानाची वही ठेवणारे काही लोक त्या वहीमुळेच जास्त बेजार होतात. उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी एकदा, सहा महिन्यांनी एकदा, एवढं पुरे. मधे अगदीच राहवलं नाही तर रविवारी दोन आकडे, आवाज किती मोठा वाटला ० ते १० आणि त्रास किती झाला ० ते १०. दोन्ही वेगळे लिहा. बरं वाटू लागतं तेव्हा बहुधा दुसरा आकडा आधी उतरतो, पहिला तिथेच असतो. हे आधी माहीत नसेल तर माणूस "आवाज काही गेला नाही" म्हणून चांगले चाललेले उपचार सोडून देतो.

टीएचआयच्या बाबतीत दोन आकडे ऐकायला मिळतात आणि लोक गोंधळतात. न्यूमन यांच्याच गटानं १९९८ मध्ये तोच कागद त्याच माणसांकडून पुन्हा भरून घेऊन सांगितलं की एका माणसात २० गुणांचा फरक असेल तर तो खरा फरक म्हणता येईल. २०११ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ६ ते ७ गुण पुरेसे ठरले. मग खरं कुठलं? दोन्ही, कारण प्रश्नच वेगळे आहेत. पहिला विचारतो, हा फरक नुसत्या हेलकाव्यामुळे नाही अशी खात्री कधी बाळगावी. दुसरा विचारतो, 'मला थोडं बरं वाटतं' म्हणणाऱ्या माणसांचे गुण सरासरी किती उतरलेले होते. म्हणून ८ गुण उतरले तर आनंद माना, पण त्याच्या जोरावर महागडं यंत्र विकत घेऊ नका. टीएफआयसाठी तिच्या निर्मात्यांनी १३ गुणांची घट अर्थपूर्ण मानली आहे. आणि तिसऱ्या पायरीतले दोन कागद आठवा. तुमचा आकडा काही न करताच दहानं हलत असेल, तर तेराचा फरकही जपूनच वाचावा लागेल.

आठवी पायरी: कानाच्या पलीकडचं

टिनिटस, झोप आणि मन एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून सोबत एक-दोन छोटे कागद ठेवावेत. उदासीसाठी पीएचक्यू-९, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, कमाल २७ गुण. काळजीसाठी जीएडी-७. दोन्ही मराठीत मिळतात. निद्रानाशासाठी सात प्रश्नांची आयएसआय, कमाल २८ गुण. पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं.

पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नाची बेरीज करत बसायचं नसतं. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असं तो विचारतो. शून्याव्यतिरिक्त काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी त्या माणसाशी बोलायचं आणि मदत मिळवून द्यायची. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट चालते, मराठीतही बोलता येतं. टीएचआयमध्ये 'आता सहन होत नाही' या ओळीवर ठळक 'हो' दिसला तरी मी पेन खाली ठेवतो आणि आधी विचारतो.

नववी पायरी: कागद घेऊन जाणं

तारीख, कोणती प्रश्नावली, कुठली प्रत, कुणी भरली, एकूण गुण, गटांचे गुण, आणि ती तीन वाक्यं. सगळं एका पानावर मावतं. सोबत श्रवणचाचणीचा आलेख आणि चालू औषधांची यादी. मुंबईत वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, तिथे श्रवणचाचणी आणि ऑडिओलॉजिस्टचा सल्ला मिळतो. गावाकडे मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करता येते. तिथल्या डॉक्टरांकडे तुमच्यासाठी पाच मिनिटं असतील, तर त्यातली चार या पानानं वाचतील.

काकांना श्रवणयंत्र बसवलं, रात्री रेडिओ बारीक आवाजात ठेवून तासाभरानं आपोआप बंद होईल असं करून दिलं. तीन महिन्यांनी ते आले. आधी दुसऱ्या कागदावर ४६ होते, आता ३८ आले. पायरी तीच, मध्यम. आठ गुणांत मी काही छातीठोक सांगणार नाही. पण झोपेच्या ओळीवरचा 'हो' 'कधीकधी' झाला होता, आणि समासात सुनेच्या अक्षरात होतं: 'परवा साडेअकरालाच घोरत होते.' पुढच्या कागदाची तारीख काढायला त्यांच्या मोबाइलवर कॅलेंडर उघडलं तर ती नेमकी दिवाळीच्या आठवड्यात येत होती. काकाच म्हणाले, "तवा नको. पोरं फटाकं लावत्यात. तुळशीचं लगीन झाल्यावर बघू."